डोमेन घेताय? आधी सातबारा स्वतःच्या नावावर करा

माझ्या मावसभावाचं दापोलीजवळ आंजर्ल्याला होमस्टे आहे. चार खोल्या, समोर माड, मागे विहीर, जेवण वहिनीच्या हातचं. सात-आठ वर्षांपूर्वी त्याने एका ओळखीच्या पोराकडून वेबसाइट करून घेतली, एकरकमी पंधरा हजार दिले, साइट झाली, पुण्या-मुंबईची बुकिंगं यायला लागली, सगळं मस्त चाललेलं. मग एक दिवस साइट उघडेना. पोराला फोन लावला तर नंबर बंद. माझ्याकडे आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, डोमेन कुणाच्या नावावर आहे रे? तर म्हणे डोमेन म्हणजे वेबसाइटच ना?

इथेच गोची झालेली. डोमेन त्या पोराच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्याच अकाउंटमध्ये. मुदत संपली, रिन्यू कुणी केलं नाही, नाव मोकळं झालं आणि तिसऱ्याच कुणीतरी उचललं, आता तिथे कसल्यातरी सट्ट्याच्या जाहिराती दिसतात. आणि ह्याचे खेड-दापोली रस्त्यावर त्या नावाचे तीन बोर्ड उभे होते, ते परत रंगवून घ्यावे लागले तो खर्च वेगळा. तर नवीन नाव घेऊन सगळं पहिल्यापासून मी लावून दिलं, तेच इथे क्रमाने सांगतो. उदाहरणाला आपण अमुकतमुक डॉट इन हे नाव धरू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की ह्यात तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतून घेता येतात. डोमेन म्हणजे नाव. होस्टिंग म्हणजे जिथे साइटच्या फायली प्रत्यक्ष पडलेल्या असतात तो कंप्युटर, म्हणजे भाड्याचा गाळा समजा. आणि डीएनएस म्हणजे हे नाव त्या गाळ्यापर्यंत नेणारी नोंदवही. बरेच लोक तिन्ही एकाच कंपनीकडून एका क्लिकमध्ये घेतात म्हणून त्यांना ती एकच वस्तू वाटते, आणि मग काही बिघडलं की नेमकं कुठे बिघडलंय तेच कळत नाही. गाळा बदलला तरी दुकानाचं नाव तेच राहतं, फक्त वहीत पत्ता बदलायचा, एवढं समजलं तरी निम्मं काम झालं.

आता नाव घ्यायचं. ते जिथे मिळतं त्या दुकानाला रजिस्ट्रार म्हणतात, गोडॅडी, नेमचीप, बिगरॉक, होस्टिंगर वगैरे. पण माल दुकानदाराचा नसतो. डॉट कॉमची मूळ वही व्हेरीसाइन नावाची अमेरिकन कंपनी सांभाळते आणि डॉट इनची वही आपल्याकडे निक्सी ही संस्था सांभाळते. सुरुवातीच्या काळात डॉट इनचा कारभार मुंबईतल्या एनसीएसटी ह्या सरकारी संस्थेकडे होता आणि नियम असे कडक की साध्या माणसाला नाव मिळणं मुश्कील, २००५ च्या जानेवारीपासून ते सगळ्यांना मोकळं झालं. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक ही नवीन आडनावं चालवणारी रॅडिक्स कंपनी मुंबईच्या भाविन तुराखियांची, बिगरॉकही आधी तुराखिया बंधूंच्या डायरेक्टीचंच होतं, २०१४ मध्ये त्यांनी तो धंदा अमेरिकन कंपनीला विकला. तर ह्या धंद्यात आपल्याकडची मंडळी बरीच आधीपासून आहेत.

कुठलं आडनाव घ्यावं? माझं मत सरळ आहे, गिऱ्हाईक भारतातलं असेल तर डॉट इन, बाहेर पण माल जात असेल तर डॉट कॉम, आणि परवडत असेल तर दोन्ही घेऊन एकावरून दुसऱ्यावर वळवून द्या. डॉट एक्सवायझेड वगैरे स्वस्त मिळतं पण फोनवर कुणाला सांगून बघा एकदा. नावात डॅश नको, आकडे नको, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे होत असेल तर ते नावच नको. आपल्याकडे हा घोळ फार, वाडी व्ही ने की डब्ल्यू ने, अंगण दोन ए ने की एका. मावसभावाला मी सांगितलं, मावशीला फोनवर नाव सांग आणि तिला कागदावर लिहायला लाव, ती जे लिहील ते बरोबर आलं तरच घ्यायचं. दोन नावं त्यात बाद झाली.

मराठीत नाव पण मिळतं बरं का. डॉट भारत हे देवनागरी आडनाव २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, हिंदी, कोकणी वगैरेंसोबत मराठीसाठी पण. आत डीएनएसला देवनागरी कळत नाही म्हणून ते नाव एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या जंत्रीत बदलून साठवलं जातं, आणि कधी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की तीच जंत्री दिसते, मग समोरच्याला वाटतं व्हायरस आहे. मला हौस आहे म्हणून मी घेतलंय एक, पण धंद्याची मुख्य साइट त्यावर ठेवू नका, घेऊन मुख्य नावावर वळवून ठेवा.

पैशाचं गणित आता. व्हेरीसाइनचा डॉट कॉमचा घाऊक भाव २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला, वर आयकॅनची, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, थोडी फी. म्हणजे रुपयांत नऊशेच्या आसपास दुकानदाराची खरेदीच आहे, त्यावर त्याचा नफा आणि १८ टक्के जीएसटी. मग कुणी पहिल्या वर्षी ९९ रुपयांत डॉट कॉम देत असेल तर तो पदरचे घालतोय हे उघड आहे आणि ते तो दुसऱ्या वर्षापासून वसूल करणार हेही उघड आहे. त्यामुळे मोठ्या अक्षरातला आकडा बघूच नका, खाली बारीक अक्षरात रिन्यूअलचा भाव असतो तो बघा. आणि पैसे भरायच्या पानावर आपोआप टिक झालेल्या चार-पाच गोष्टी असतात, साइट बिल्डर, प्रोटेक्शन, एसइओ टूल, सगळ्या टिका काढा. एकाच वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नाव घेता येतं, मी तीन वर्षांचं घेतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी वर एवढी कथा सांगितली. रजिस्ट्रारकडे अकाउंट तुमच्या स्वतःच्या ईमेलने उघडा. डेव्हलपरच्या नाही, भाच्याच्या नाही, ऑफिसमधल्या मुलीच्या पण नाही. रजिस्ट्रंट ह्या रकान्यात जे नाव असतं तोच त्या डोमेनचा मालक, बिल कुणी भरलं ह्याला तिथे काही अर्थ नाही, जमिनीचे पैसे तुम्ही दिले आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर असला तर काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. डेव्हलपर म्हणेल मी करतो सगळं, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तर त्याला म्हणा नाव मी घेतो, तू फक्त पुढचं कर. चांगला डेव्हलपर ह्यावर कधीच चिडत नाही. बऱ्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही त्याला वेगळा ॲक्सेस देऊ शकता, पासवर्ड न देता. अजून एक, हा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, साधा जीमेल ठेवा, नाहीतर डोमेन बंद पडलं की ईमेल बंद आणि ईमेल बंद म्हणून डोमेनचं रिन्यूअलचं पत्र येत नाही, कुलुपाची किल्ली कुलुपाच्या आत.

नाव घेतल्यावर एक व्हेरिफिकेशनचा मेल येतो, तो स्पॅममध्ये पण जाऊन बघा. डॉट कॉम वगैरेंना १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन सस्पेंड होतं आणि चालू साइट एका सकाळी गायब. डॉट इनसाठी ओळखपत्र मागितलं तर देऊन टाका, त्यात नाव-पत्ता लपवायची सोय पण नाही. नवीन नाव घेतलं की वेबसाइट बनवून देतो म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात, दुर्लक्ष करा. तसंच चीनमधली एक कंपनी तुमचं नाव डॉट सीएनमध्ये रजिस्टर करायला निघालीय, तुमची हरकत आहे का, असा फार सभ्य इंग्रजीत मेल येतो, तो सरळ डिलीट करा, जुनी लबाडी आहे ती.

होस्टिंग मी पटकन उरकतो कारण त्यात फार गूढ काही नाही. चार पानांची साधी साइट किंवा छोटं वर्डप्रेस असेल तर शेअर्ड होस्टिंग पुरतं, म्हणजे एकाच मशीनवर शेकडो साइट, चाळीसारखं, नळ सगळ्यांचा एकच. शेजाऱ्याने पाणी जास्त ओढलं तर तुमच्याकडे धार बारीक. धंदा वाढला, दुकान ऑनलाइन चालू झालं की मग व्हीपीएस, म्हणजे मशीनचा तुमच्यापुरता वेगळा काढलेला भाग, किंवा क्लाउड. अनलिमिटेड लिहिलेलं असलं तरी फायलींच्या संख्येवर मर्यादा असते, आयनोड असा शब्द अटींमध्ये शोधा. सर्व्हर शक्यतो मुंबईचा निवडा, गिऱ्हाईक इथलं असेल तर साइट पटकन उघडते. तुमचा नुसता पोर्टफोलिओ असेल तर गिटहब पेजेस हे साध्या साइटसाठीचं होस्टिंग फुकट आहे आणि चांगलं आहे, मात्र धंद्याची साइट त्यावर चालवायला त्यांच्या अटींमध्ये मनाई आहे.

होस्टिंग घेताना डोमेनचं नाव विचारतात, तिथे माझ्याकडे डोमेन आधीच आहे हा पर्याय निवडा. नंतर सीपॅनेलचं, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानाचं, लॉगिन येतं आणि एका मेलमध्ये दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता, आणि दोन नेमसर्व्हरची, म्हणजे डीएनएसची वही ठेवणाऱ्या कंप्युटरांची, नावं. तो मेल जपून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता डीएनएस. इथे जरा निवांत बसू, कारण लोक इथेच अडकतात.

१९८३ च्या आधी इंटरनेटवरच्या सगळ्या कंप्युटरांची नावं एकाच टेक्स्ट फाइलमध्ये असायची, कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती ठेवलेली असायची आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. मशीनं वाढली तसं ते झेपेना, मग पॉल मोकापेट्रिस ह्या माणसाने वही वाटून टाकायची पद्धत काढली, प्रत्येकाने आपापलं पान सांभाळायचं. पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स डॉट कॉम. आज कोट्यवधी नावं आहेत तरी पद्धत तीच.

चालतं कसं ते बघा. समजा तुम्ही दापोली एसटी स्टँडवर उतरलात आणि आंजर्ल्यातल्या एका घरी जायचंय. स्टँडवरच्या कंट्रोलरला घर माहीत नसतं, पण आंजर्ल्याची गाडी कुठे लागते ते माहीत असतं. आंजर्ल्याला उतरलं की दुकानदार सांगतो ती वाडी पलीकडची, आणि वाडीत शिरलं की एखादं पोरगं थेट दारापर्यंत आणून सोडतं. तसाच तुमचा ब्राउझर तुमच्या जिओ किंवा एअरटेलच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे पत्ता शोधून देणाऱ्या कंप्युटरला, विचारतो, तो रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्यात वरच्या वहीला, विचारतो, रूट म्हणतो मला अमुकतमुक माहीत नाही पण डॉट इनवाले तिकडे बसतात. डॉट इनवाले म्हणतात आयपी माहीत नाही पण ह्या नावाचे नेमसर्व्हर हे हे आहेत. आणि नेमसर्व्हर शेवटी सांगतो, २०३.०.११३.१०. ही सगळी विचारपूस डोळ्याची पापणी लवायच्या आत होते. आणि रिझॉल्व्हर ते उत्तर लक्षात ठेवतो, दर वेळी स्टँडपासून विचारत बसत नाही. हे लक्षात ठेवणं पुढे आपल्याला त्रास देणार आहे.

आता जोडायचे दोन रस्ते आहेत. पहिला, रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये नेमसर्व्हर बदलून होस्टिंगवाल्याचे दोन टाकायचे, मग अख्खी वहीच होस्टिंगवाल्याकडे जाते आणि तो सगळ्या नोंदी स्वतः करतो. सोपं आहे, नवीन डोमेन असेल तर बिनधास्त करा. दुसरा, नेमसर्व्हर आहेत तिथेच ठेवायचे आणि वहीत फक्त एक-दोन ओळी बदलायच्या. डोमेनवर आधीपासून ईमेल चालू असेल तर हाच रस्ता. का ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

भोसरीतल्या एका वर्कशॉपची साइट मी नवीन होस्टिंगवर हलवली. शुक्रवारी संध्याकाळी, घाईत, नेमसर्व्हर बदलले आणि घरी गेलो. साइट झकास उघडली. सोमवारी मालकांचा फोन, अहो शनिवारपासून एकही मेल नाही, चाकणच्या पार्टीची पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, येणार होती. झालं असं होतं की मेल त्यांचे दुसऱ्याच कंपनीकडे होते आणि ते कुठे पाठवायचे ह्याच्या एमएक्स नावाच्या नोंदी जुन्या वहीत होत्या. मी वहीच बदलली, नव्या वहीत त्या ओळी नव्हत्या, नवीन सर्व्हर येणारे सगळे मेल स्वतःकडे घ्यायला लागला आणि असा कुणी युजर इथे नाही म्हणून परत पाठवायला लागला. पार्टीला वाटलं ह्यांनी धंदा बंद केला. तेव्हापासून नेमसर्व्हरला हात लावायच्या आधी जुन्या पॅनेलमधल्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढतो, मग नवीनकडे त्या एकेक करून टाकतो, आणि मगच बटन दाबतो. शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच.

जुन्या ठिकाणी डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरावर खरेपणाचा शिक्का मारायची सोय, चालू असेल तर आधी रजिस्ट्रारकडची त्याची डीएस नोंद काढा, एक दिवस जाऊ द्या, मग ते बंद करा आणि नेमसर्व्हर बदला. नाहीतर जे रिझॉल्व्हर तपासणी करतात त्यांना नवीन उत्तर खोटं वाटतं आणि साइट काही लोकांना उघडते, काहींना अजिबात नाही.

नोंदींचे प्रकार बरेच आहेत पण तुम्हाला लागणारे चार-पाचच. ए रेकॉर्ड म्हणजे नाव ते आयपी. सीनेम म्हणजे नाव ते दुसरं नाव, टोपणनाव समजा. एमएक्स मेलसाठी. टीएक्सटी म्हणजे नुसता मजकूर, गुगलला वगैरे मालकी दाखवायला आणि मेलच्या नियमांना लागतो. क्वाड ए म्हणजे आयपीव्ही सिक्सचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब आयपी पत्त्याचा, ए रेकॉर्ड. तर पॅनेलमध्ये असं करा, नाव ह्या रकान्यात @ टाका, ह्याचा अर्थ मुख्य डोमेन, प्रकार ए, किंमत २०३.०.११३.१० म्हणजे तुमच्या मेलमधला आयपी, अर्थात इंग्रजी आकड्यांत. मग दुसरी ओळ, नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, प्रकार सीनेम, किंमत अमुकतमुक डॉट इन. झालं. गिटहब पेजेसवाल्यांनी @ साठी चार ए रेकॉर्ड टाकायचे, १८५.१९९.१०८.१५३ पासून तिसरा आकडा एकेक वाढवत १११ पर्यंत, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा सीनेम तुमचं युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ वर.

ह्यात होणाऱ्या चुका मी इतक्या वेळा बघितल्यात की पाठ झाल्यात. नाव रकान्यात पूर्ण डोमेन लिहिलं की बरीच पॅनेलं पुढे परत डोमेन चिकटवतात, मग नोंद होते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट अमुकतमुक डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट इन, आणि ती सापडतच नाही. पार्किंगचा, म्हणजे रजिस्ट्रारने तात्पुरत्या लावलेल्या पानाचा, जुना ए रेकॉर्ड तसाच ठेवून खाली नवीन टाकला की अर्ध्या लोकांना नवीन साइट आणि अर्ध्यांना जाहिरातीचं पान. @ वर सीनेम टाकायचा प्रयत्न, तो चालत नाही, मुख्य डोमेनला इतर नोंदी असतातच आणि सीनेम कुणासोबत नांदत नाही. आणि सगळ्यात छळणारी, जुना क्वाड ए राहून जाणं. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर नवीन साइट दिसते, मोबाइलवर जिओने जुनीच दिसते, तुम्ही दोन दिवस ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवलेली जुनी पानं, पुसत बसता. जिओचं नेटवर्क आयपीव्ही सिक्सवर जोरात चालतं, फोन आधी क्वाड ए विचारतो आणि तो जुन्या सर्व्हरचा पत्ता देतो. नवीन होस्टिंगने आयपीव्ही सिक्स पत्ता दिला नसेल तर ती ओळ उडवा.

मग येतो तो २४ ते ४८ तास थांबा हा मंत्र. सपोर्टवाले पण हेच सांगतात आणि चॅट बंद करतात. लोकांना वाटतं की बदल हळूहळू जगभर पसरतोय, रॉकेल पसरावं तसा. तसं काही नसतं. तुमच्या नेमसर्व्हरवर बदल लगेच होतो, फक्त मघाशी म्हटलं तसं रिझॉल्व्हरने जुनं उत्तर लक्षात ठेवलेलं असतं, आणि ते किती वेळ ठेवायचं हे त्या नोंदीच्या टीटीएलमध्ये सेकंदांत लिहिलेलं असतं. १४४०० असेल तर चार तास, ३६०० असेल तर एक तास, ३०० असेल तर पाच मिनिटं. म्हणून साइट हलवायच्या आदल्या दिवशी जाऊन टीटीएल ३०० करून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी आयपी बदलायचा, पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना नवीन साइट दिसते. बदल झाल्यावर टीटीएल कमी करून काही उपयोग नाही, जुनं उत्तर जुन्या मुदतीसकट आधीच घेतलेलं असतं. नेमसर्व्हर बदललेत तर मात्र खरंच जास्त वेळ लागू शकतो, ती मुदत तुमच्या हातात नसते. जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद करू नका, आठवडाभर दोन्ही चालू राहू द्या.

तपासायला डीएनएस चेकर असं शोधा, फुकट साइट आहेत, वेगवेगळ्या देशांतून काय उत्तर मिळतंय ते दाखवतात. स्वतःच्या लॅपटॉपवर गुगलचा चार वेळा आठवाला रिझॉल्व्हर किंवा क्लाउडफ्लेअरचा चार वेळा एकवाला लावून बघा. तिथे बरोबर येत असेल आणि तुमच्याकडे नाही तर गडबड तुमच्याच कॅशची, मोबाइल एकदा एअरप्लेन मोडवर टाकून काढा.

साइट उघडली पण वर नॉट सिक्युअर दिसतंय? एसएसएल, म्हणजे साइटची देवाणघेवाण कुलूपबंद करणारं सर्टिफिकेट, राहिलं. त्यासाठी हजारो रुपये मागणारे अजून आहेत, देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देतंय आणि बहुतेक होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एका बटनावर ते बसतं. त्याची मुदत ९० दिवसांची, रिन्यू आपोआप होतं. पण हे डोमेन सर्व्हरकडे वळल्यावरच बसतं, आधी बटन दाबलं की एरर येणार, कारण देणारा आधी जाऊन बघतो की हे नाव खरंच ह्या सर्व्हरकडे येतंय का. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याच्याशिवाय अशा दोन्ही नावांना सर्टिफिकेट आहे का बघा आणि एकावरून दुसऱ्यावर कायमचं वळवून टाका.

ईमेल शेअर्ड होस्टिंगवर ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, शेजारच्या कुणी स्पॅम पाठवला की त्याच आयपीवरून जाणारे तुमचे कोटेशनचे मेल पण लोकांच्या स्पॅममध्ये. गुगल वर्कस्पेस किंवा झोहो घ्या आणि ते सांगतील त्या एमएक्स नोंदी टाका. त्याबरोबर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ह्या तीन टीएक्सटी नोंदी येतात, मेल खरंच तुमच्याकडूनच गेलाय हे समोरच्याला त्यावरून कळतं, कंटाळा करू नका, २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू ह्या बाबतीत कडक झालेत. एसपीएफची ओळ एका डोमेनला एकच असायला पाहिजे, दोन सेवा वापरत असाल तर दोन्ही त्याच एका ओळीत घालायच्या, वेगवेगळ्या दोन ओळी टाकल्या की दोन्ही बाद. आणि एक खाचखळगा जो कुणी सांगत नाही, मेल बाहेर आणि साइट सीपॅनेलवर असेल तर सीपॅनेलमध्ये ईमेल रूटिंग नावाचं पान आहे तिथे रिमोट निवडा. लोकल राहिलं तर वेबसाइटच्या फॉर्ममधून येणारी चौकशी तुमच्या मेलपर्यंत पोचतच नाही, सर्व्हर ती स्वतःच्याच पोटात टाकतो. मावसभावाचं हेच झालं, आठ दिवस फॉर्म भरले जात होते आणि ह्याला वाटत होतं सीझन थंड आहे.

राहिलं रिन्यूअल. मुदत संपली की नाव लगेच जात नाही. डॉट कॉमसारख्या नावांना आधी काही दिवस साध्या भावात रिन्यू करता येतं, किती दिवस ते दुकानदारावर असतं, जास्तीत जास्त ४५, पण साइट तोवर बंद पडलेली असते. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात नाव मिळतं पण दंड जबर, मग पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि नंतर नाव बाजारात, त्यावर टपून बसलेले बरेच असतात. मोठ्यांचं पण होतं हे, १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलचं लॉगिन अडकलं, शेवटी एका भल्या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरले. ऑटो रिन्यू चालू ठेवाच, पण त्यावर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे, नियम आल्यापासून आपल्याकडची कार्डं परस्पर पैसे कापू देत नाहीत बऱ्याचदा, पेमेंट फेल होतं आणि तो मेल प्रमोशनच्या ढिगात जातो.

रजिस्ट्रार बदलायचा असेल तर डोमेनचं लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, मागायचा आणि नवीन दुकानात टाकायचा, मुदतीत एक वर्ष वाढतं. फक्त नवीन घेतल्यापासून ६० दिवस हलवता येत नाही, आणि मुदत संपायला चार दिवस असताना हे करायला घेऊ नका.

मावसभावाचं नाव आता त्याच्या स्वतःच्या जीमेलवर आहे, पासवर्ड वहिनीच्या वहीत आहे, आणि टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड, दोघांच्या फोनवर. रिन्यूअलची तारीख गुगल कॅलेंडरमध्ये मी टाकलीय, पण वहिनी त्यावर विश्वास ठेवत नाही. नवीन कालनिर्णय घरात आलं की गॅसच्या नंबरच्या आधी ती त्यात ती तारीख लाल पेनाने लिहिते आणि त्याच्या महिनाभर आधी मला फोन येतो, भाऊजी, ते डोमेनचं काय झालं?